सलग नक्षीचे स्क्रीन प्रिंटिंग: कोकणच्या दमट हवेत जोड कसा लपवायचा

फ्रेमवर ताणलेल्या जाळीची नक्षीपुरतीच भोके उघडी ठेवायची आणि त्यातून रंग कापडावर दाबायचा, हे स्क्रीन प्रिंटिंग. त्यात एक चित्र छापणे फारसे अवघड नाही. तेच चित्र शेजारी शेजारी चौतीस वेळा छापायचे आणि एक कुठे संपले, दुसरे कुठे सुरू झाले हे कुणाला कळू द्यायचे नाही, इथे कस लागतो. रंग थोडा फिका झाला तर खपून जातो. जोड दिसला की पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकते. म्हणून पुढची सगळी मापे जोडाच्या अंगाने दिली आहेत. उदाहरणाला ४४ इंच (११२ सेंमी) पन्ह्याचे, २.४ मीटर लांब सुती कापड आणि दोन रंग धरले आहेत.

नक्षीचा चौकोन

पन्हा ११२ सेंमी. दोन्ही काठांना २-२ सेंमी सोडले की १०८ उरतात. त्याचे चार भाग केले की एका चौकोनाची रुंदी २७ सेंमी येते. उंची ३० सेंमी ठेवा. म्हणजे २.४ मीटरमध्ये बरोबर आठ चौकोन बसतात आणि फिल्म (नक्षी काळ्या रंगात छापलेला पारदर्शक कागद) ए-थ्री कागदाच्या मापात निघते. आधी नक्षी काढून मग ती पन्ह्यात कोंबू नका. माप पन्ह्यातून काढायचे, नक्षी त्या मापात बसवायची.

चौकोन सरळ रांगेत छापले तर आडव्या-उभ्या रेघा उठून दिसतात. त्यावर जुना उपाय हाफ ड्रॉप, म्हणजे शेजारचा उभा पट्टा अर्ध्या उंचीने (इथे १५ सेंमी) खाली सरकवणे. जांभ्याच्या भिंतीत वरच्या थरातला चिरा खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर बसतो. तीच भिंत कुशीवर वळवून पाहिली की झाला हाफ ड्रॉप. चिऱ्यांची भिंत ज्या कारणाने मजबूत होते, त्याच कारणाने नक्षीतली रेघ मोडते: सांधा कुठेही सलग धावत नाही.

कागदावर जोड जुळवण्याची रीत अशी. २७ × ३० चा जाड कागद घ्या. मधल्या भागात मुख्य आकार काढा, कडांना हात लावू नका. कागद मधोमध आडवा कापा, वरचा तुकडा खाली व खालचा वर ठेवून मागून चिकटपट्टी लावा. आता जुन्या वरच्या-खालच्या कडा मध्यावर आल्या, तिथली रिकामी जागा भरा. मग कागद मधोमध उभा कापा. उजवा अर्धा डावीकडे ठेवा. डावा अर्धा उजवीकडे नेण्याआधी त्याला १५ सेंमीवर आडवा कापा आणि त्याचेही वरचे खाली, खालचे वर करा. ही शेवटची कापाकापी विसरली तर नक्षी सरळ रांगेची होते आणि हाफ ड्रॉपमध्ये छापल्यावर उभ्या कडा एकमेकींना ओळखही देत नाहीत. मधल्या उभ्या सांध्यावर उरलेली जागा भरली की नक्षी तयार. खात्रीसाठी चार झेरॉक्स काढून जमिनीवर मांडा, एका बाजूच्या दोन १५ सेंमी खाली सरकवा आणि डोळे किलकिले करून पाहा. पांढरा पट्टा किंवा एकाच बाजूला झुकलेली गर्दी असेल तर ती याच वेळी दिसते.

आकार निवडताना एक पथ्य: चौकोनाची कड भरीव रंगातून जाऊ देऊ नका. भरीव रंगात अर्धा मिलिमीटर चढला तर गडद रेघ आणि अर्धा सुटला तर पांढरी रेघ, तिसरा पर्याय नाही. कड नागमोडी फिरवा, झावळीच्या पात्याकडेने, पानाच्या देठाखालून, मोकळ्या जागेतून. पार्श्वभूमी रंगीत हवी असेल तर ती छापू नका, रंगवलेले कापडच घ्या.

या बाबतीत कोकण फार उदार आहे. झावळ्या, सुपारीचे घोस, रातांब्याची फळे, मासेमारीच्या जाळ्याच्या गाठी हे सगळे तुटक आकार, त्यांच्यामधून कड सहज वाट काढते. सावंतवाडीच्या गंजिफाची (हाताने रंगवलेल्या पत्त्यांची) गोल पाने हाफ ड्रॉपमध्ये छान बसतात. दशावतारी संचात १२० पाने असतात, त्यामुळे चिन्हांचा तुटवडा पडत नाही. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांचे आकार निव्वळ रेषांचे, त्यामुळे जाड जाळीवरही स्वच्छ उतरतात. ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. फोटोवरून रेखाटा, सड्यावर (कातळाच्या पठारावर) कागद पसरून घासून ठसे घेऊ नका.

फ्रेम आणि जाळी

फ्रेमचे आतले माप ४३ × ५० सेंमी ठेवा. रुंदीत दोन्ही बाजूंना ८-८ आणि लांबीत १०-१० सेंमी मोकळे राहतात. लांबीतल्या मोकळ्या जागेत रंग साठतो. ती कमी पडली तर स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) नक्षीवरच वळवावी लागते आणि तिथे डाग येतो. लाकडी पट्टी ४ सेंमी रुंद, साग किंवा फणस. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण एका पावसात वळते. दोन्ही कर्ण मोजा: सुमारे ६६ सेंमी आले पाहिजेत आणि एकमेकांशी १ मिमीच्या आत जुळले पाहिजेत. जाळी लावण्याआधी लाकडाला ऑइलपेंटचे दोन हात द्या, नाहीतर आषाढात फ्रेम फुगते आणि जाळीचा ताण बदलतो. स्क्रू पितळी, स्टेपल पिना स्टेनलेस. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साधी पिन पहिल्याच पावसाळ्यात गंजते, आणि गंजाचा ओघळ कापडावर उतरला की तो धुऊन जात नाही.

जाळी पॉलिएस्टरची घ्या. सुती कापडावरच्या ठसठशीत नक्षीला ४३ टी (सेंटिमीटरला ४३, इंचाला साधारण ११० धागे), बारीक रेषांना ५५ टी. कागदावर छापायचे असेल तर ७७ ते ९० टी. जाळीचे धागे फ्रेमला समांतर ठेवून प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणत जा. टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे. सैल जाळी स्क्वीजीबरोबर पुढे ओढली जाते आणि प्रत्येक छाप वेगळ्या जागी बसतो. पुढे कितीही मोजमाप केले तरी तो दोष निघत नाही.

इमल्शन: इथे पावसाळा आडवा येतो

इमल्शन म्हणजे जाळीवर लावायचा, उजेडाने पक्का होणारा थर. फिल्मवरच्या काळ्या नक्षीखाली तो कच्चा राहतो आणि धुऊन जातो. बाजारात अजूनही बायक्रोमेट मिसळून वापरायचे स्वस्त इमल्शन मिळते. ते घेऊ नका. त्यातले क्रोमियम कॅन्सरकारक आहे, कातडीला बाधते, आणि धुतलेले पाणी वहाळातून शेवटी विहिरीकडेच जाते. त्याऐवजी डायझो हे रसायन मिसळायचे इमल्शन घ्या. मिसळल्यावर बुडबुडे बसेपर्यंत काही तास ठेवा. उरलेले फ्रिजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवा.

जाळी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. पिवळ्या दिव्याखाली स्कूप कोटरने (इमल्शन पसरवायच्या पन्हळीने) छपाईच्या, म्हणजे कापडाला टेकणाऱ्या बाजूने दोन हात आणि स्क्वीजीच्या बाजूने एक हात द्या. वाळवताना छपाईची बाजू खाली ठेवून फ्रेम आडवी ठेवा.

मे महिन्यात हे इमल्शन दोन तासांत वाळते. जुलैत रात्रभर पंखा लावला तरी वाळत नाही, फक्त वाळल्यासारखे दिसते. आत ओलावा राहिला की उजेड लागूनही थर पक्का होत नाही. मग धुताना आतल्या बाजूने बुळबुळीत होऊन वाहून जातो आणि सगळे म्हणतात, ‘उजेड कमी पडला.’ वेळ वाढवून वाढवून फिल्मखालच्या बारीक रेषा बंद होतात, थर मात्र सुटतच राहतो. पावसाळ्यात उजेडाला दोष देण्याआधी ओलावा तपासा. उपाय सोपा आहे: दार घट्ट बसणारे कपाट, आत लहान पंखा, अर्धा किलो सिलिका जेल. जेल ओले झाले की कढईत गरम करून परत वापरा, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. हेअर ड्रायर चालेल, मात्र हवा कोमट हवी. ४० अंशांपुढे थर उजेडाशिवायच कडक होऊ लागतो.

खरे तर गणपतीच्या ऑर्डरी असतील तर स्क्रीन मेअखेरपर्यंत करून ठेवावेत. स्क्रीन बनवायला पावसाळा वाईट, छपाईला उलट बरा, कारण त्या हवेत रंग जाळीत सुकत नाही.

फिल्म आणि उजेड

फिल्मऐवजी ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढणे स्वस्त, पण सलग नक्षीला ते घातक. दमट हवेत ट्रेसिंग पेपर फुगतो, लेझर प्रिंटरच्या उष्णतेने आकसतो, आणि ३० सेंमीत मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पॉलिएस्टर फिल्म वापरा. दोन्ही रंगांच्या फिल्म एकाच यंत्रावर, एकाच वेळी, कागद एकाच दिशेने घालून काढा. स्टीलच्या पट्टीने मोजा. ३०० ऐवजी २९८ मिमी आले तरी चालेल, फक्त दोन्ही फिल्मवर २९८ च हवेत आणि तो आकडा लिहून ठेवायला हवा. गडद रंगाची रेषा फिकट रंगावर १ मिमी चढेल अशी काढा.

फ्रेमच्या चारही बाजूंचे मध्य काढून दोरा ताणा आणि फिल्मची मध्यरेषा त्याला जुळवा. टोनरची बाजू इमल्शनला चिकटलेली हवी. स्क्वीजीच्या बाजूने पाहिल्यावर नक्षी सुलटी दिसली पाहिजे.

उन्हात एक्स्पोज करायला, म्हणजे थराला उजेड द्यायला, खाली फ्रेमच्या आत बसणारी, तिच्या जाडीपेक्षा जास्त जाड फोमची गादी, त्यावर काळे कापड, मग स्क्रीन, फिल्म आणि वर ५-६ मिमीची काच. काच दाबून बसली नाही तर उजेड फिल्मखाली शिरतो. ढगाळ दिवशी तो सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून तेव्हा हा दोष जास्त. स्क्रीन सूर्याला काटकोनात धरा.

किती सेकंद, हे इमल्शन, ऋतू आणि घड्याळातली वेळ ठरवते. म्हणून चाचणीपट्टी. एका लहान फ्रेमवर नक्षीचा तुकडा ठेवून पाच पट्टे करा आणि पुठ्ठा सरकवत ३०, ६०, ९०, १२०, १५० सेकंद द्या. धुतल्यावर ज्या पट्ट्यात थर घट्ट आहे आणि बारीक रेषाही उघडल्या आहेत, तो वेळ तुमचा. मे महिन्यातल्या भर दुपारपेक्षा सकाळी नऊ-साडेनऊचे ऊन बरे. वेळ थोडा जास्त लागतो, पण पाच सेकंदांची चूक पदरात पडत नाही.

धुताना दोन्ही बाजू ओल्या करून दोन मिनिटे थांबा, मग हलका फवारा. विहिरीचे पाणी फडक्यातून गाळून घ्या, रेतीचा कण जाळीत अडकला की प्रत्येक छापात ठिपका सुटतो. उन्हाला धरून टाचणीएवढी भोके शोधा, इमल्शनने बुजवा आणि परत उन्हात ठेवा.

पेस्ट आणि पाणी

दर रंगाला ३०० ग्रॅम पेस्ट पुरते: पाणी २३० ग्रॅम, बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारा) ४५, पिगमेंट (मूळ रंग) ९, सिंथेटिक थिकनर (पेस्ट घट्ट करणारा) ७, युरिया ६, फिक्सर (रंग पक्का करणारा) ३, आणि अमोनियाचे काही थेंब. आधी पाण्यात युरिया विरघळवा, मग बाइंडर, अमोनिया, मग ढवळत ढवळत थिकनर. पिगमेंट आणि फिक्सर शेवटी. गडद छटेला पिगमेंट १५ ग्रॅमपर्यंत न्या, पण बाइंडरही ५५-६० करा, नाहीतर रंग हाताला लागतो. पेस्ट आटवलेल्या आंबरसाइतकी दाट हवी. घावनाच्या पिठासारखी पातळ झाली तर कापडात पसरते आणि कड फाटते.

किनाऱ्यालगत एक वेगळीच अडचण येते. सगळे प्रमाण बरोबर घेऊनही पेस्ट घट्ट होत नाही, किंवा घट्ट झालेली तासाभरात सैल पडते. दोष पाण्याचा. सिंथेटिक थिकनर क्षार सहन करत नाही, आणि खाडीकाठच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. थिकनर वाढवत बसण्यापेक्षा पाणी बदला. फिल्टरचे घ्या, किंवा पागोळ्यांचे पाणी पहिला जोरदार पाऊस जाऊ देऊन पिंपात धरा. छपाईला याहून चांगले पाणी मिळायचे नाही.

कापड आणि टेबल

मांजरपाटाची खळ पूर्ण गेली पाहिजे. लिटरला ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घालून तासभर उकळा, खळखळून धुवा, वाळवून इस्त्री करा. पाण्याचा थेंब टाकताच शोषला गेला तर कापड तयार. कापड या धुण्यातच आटते, म्हणून पन्हा धुतल्यानंतर मोजा. ११२ चे १०७ झाले असेल तर नक्षीची रुंदी २५.७५ करा. हे नक्षी काढण्याआधी करायचे काम आहे. त्याची आठवण बहुतेकांना टेबलावर होते.

टेबलावर ब्लँकेट, त्यावर ताणलेले रेक्झिन. त्यावर टेबल ग्लूचा पातळ हात देऊन कापड सुरकुती न पाडता बसवा. ओढून ताणू नका. सोडल्यावर ते आखडते आणि नक्षीही आखडते.

लांबीच्या कडेला लोखंडी अँगलची सरळ पट्टी लावा आणि तिच्यावर दर ३० सेंमीला (फिल्म २९.८ असेल तर दर २९.८ ला) स्टॉपर. सगळी मापे पहिल्या खुणेपासून घ्या: ३०, ६०, ९०. आधीच्या खुणेपासून पुढची घेतली तर दर वेळची अर्ध्या मिलिमीटरची चूक आठव्या चौकोनाला साडेतीन मिमी होते. फ्रेमच्या एका कडेला दोन स्क्रू बसवा, ते पट्टीला टेकतील. स्टॉपरला टेकणारी एक एल पट्टी वेगळी. दोन स्क्रू कमी-जास्त करून फ्रेमचा तिरपेपणा काढता येतो. हे दोन स्क्रू नसले तर पुढच्या निम्म्या चुका सुधारता येत नाहीत. पुढच्या उभ्या पट्ट्यांसाठी स्क्रू आणि लोखंडी पट्टी यांच्या मध्ये २७, ५४ आणि ८१ सेंमीच्या लाकडी पट्ट्या घालायच्या.

छपाई

फ्रेम शेजारच्या चौकोनावर १२-१४ सेंमी चढते, म्हणून ओल्या छापाशेजारी लगेच छापता येत नाही. चार फेऱ्या करा. पहिली: पट्टा १ आणि ३, चौकोन १, ३, ५, ७. सुकल्यावर दुसरी: तेच पट्टे, चौकोन २, ४, ६, ८. मग २ आणि ४ हे पट्टे, १५ सेंमी सरकवून, तसेच दोन फेऱ्यांत. या पट्ट्यांची सुरुवात कापडाच्या १५ सेंमी बाहेरून होते, तिथे रद्दी चिकटवा. त्यांना नऊ-नऊ छाप लागतात. आठ, नऊ, आठ, नऊ: एकूण चौतीस.

स्क्वीजी ३१ सेंमी लांब, रबर ६० शोअर (रबराच्या कडकपणाचे माप), कड किंचित गोल. कोन ४५ अंश, दाब सारखा, एकदा पुढे, एकदा मागे. दुसऱ्या रंगालाही नेमका हाच क्रम आणि हीच दिशा ठेवा. फिकट आधी, गडद नंतर. मे महिन्यात वाऱ्यावर रंग जाळीत सुकतो, म्हणून छापांमध्ये थांबावे लागले तर स्क्रीनवर रंगाचा थर पसरून ठेवा. दर आठ-दहा छापांनी खालची बाजू ओल्या स्पंजने टिपा.

जोड पाहून रोग ओळखा

पहिले चार छाप जुन्या चादरीवर काढा आणि जोडाकडे नीट पाहा.

सगळ्या आडव्या जोडांत सारखी पांढरी फट असेल तर स्टॉपरमधले अंतर फिल्मपेक्षा जास्त आहे. स्टॉपर जवळ आणा, नवा स्क्रीन लागत नाही. फट डावीकडे आणि चढ उजवीकडे असेल तर फिल्म तिरपी बसली आहे: दोनपैकी एक स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहा. सुरुवात ठीक आणि शेवट बिघडलेला असेल तर खुणा एकीवरून एक घेतल्या आहेत किंवा कापड ताणून चिकटवले आहे. दर जोडाला वेगळाच प्रकार असेल तर स्टॉपर हलतो आहे, ग्लू सुटला आहे किंवा जाळी सैल आहे. हाताने जाळी दाबून पाहा, बहुधा तीच असते.

दुसरा रंग सगळीकडे एकाच दिशेला सरकलेला असेल तर एल पट्टी हलवून भागते. तो मध्यावर जुळतो आणि कडांना सुटतो, असे असेल तर दोन फिल्मची मापे किंवा दोन जाळ्यांचा ताण वेगळा आहे. त्यावर टेबलावर उपाय नाही.

पक्के करणे आणि आवराआवर

छापलेले कापड पूर्ण वाळल्याशिवाय तापवू नका, ओलावा असताना बाइंडर पकडत नाही. पावसाळ्यात यासाठी पंख्याखाली पूर्ण दिवस द्या. नंतर १५० अंशांवर ४ ते ५ मिनिटे. घरी सुतीवरची इस्त्री, उलट बाजूने, मध्ये कागद ठेवून, प्रत्येक हातभर भागावर तेवढाच वेळ सावकाश फिरवत. नुसते ऊन पुरत नाही. तीन दिवसांनी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. रंग उतरला तर पुन्हा इस्त्री.

स्क्रीन छपाई संपताच धुवा. बाइंडर एकदा जाळीत बसला की निघत नाही. नक्षी पुसून जाळी परत वापरायची असेल तर डिकोटिंग पावडर घ्या. ब्लीचिंग पावडर वापरणारे बरेच असतात, पण पेस्टमधल्या अमोनियाशी तिचा संबंध आला की विषारी वाफ निघते. उरलेली पेस्ट वर्तमानपत्रावर पसरून सुकवा आणि सुक्या कचऱ्यात टाका.

स्क्रीन उभे ठेवा, एकमेकांना न टेकवता, आणि फ्रेमच्या लाकडावर रंगाचा क्रम, हाफ ड्रॉपचे माप आणि रिपीटचा (एका चौकोनाच्या उंचीचा) खरा आकडा लिहा: ३० नव्हे, मोजून आलेला २९.८.